न खाल्लेले लाडू

आमच्या दुपारच्या चहाला एकच नियम होता. बेकरीतलं, हॉटेलातलं काही आणायचं नाही. जे आणायचं ते स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातानं केलेलं. हा नियम मी घातला होता. घालताना मला स्वतःचं फार कौतुकही वाटलं होतं, कारण त्याआधी आमच्याकडे चहाबरोबर खारी आणि टोस्ट यायचे आणि गप्पाही तशाच कोरड्या व्हायच्या.

आम्ही चौघी केजला एकाच गल्लीत, हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या. माझ्या समोरच्या घरातली, जिच्या नवऱ्याचं खताचं दुकान आहे. तिच्या पलीकडची, जिचे यजमान तहसीलमध्ये कारकून आहेत. गल्लीच्या टोकाला मास्तरीणबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्यात सगळ्यात मोठ्या. आणि मी. माझे यजमान शेती खात्यातून निवृत्त झाले, दिवसभर घरात बसून मला स्वयंपाकातलं शिकवू लागले, आणि दुपारी चार वाजता घराबाहेर पडायला मला काहीतरी निमित्त हवंच होतं. तिथून हा चहा सुरू झाला. एक बुधवार सोडून पुढच्या बुधवारी, पाळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी. चारला जमायचं, सहाला उठायचं, आणि सहाचे सात कधी व्हायचे ते कळायचं नाही.

मास्तरीणबाईंच्या चकल्या इतक्या कडक असायच्या की समोरची म्हणायची, "बाई, चकल्यांना पण अंगठे धरून उभं केलंत का?" तहसीलवालीचे शंकरपाळे मात्र तोंडात विरघळायचे. समोरचीचा मुरमुऱ्याचा चिवडा, माझ्या खाऱ्या पुऱ्या. जे उरायचं ते एकमेकींच्या डब्यात घालून द्यायचं. आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. ही रीत आमच्याकडे इतकी पक्की आहे की घरात काहीच नसेल तर मूठभर शेंगदाणे तरी टाकतात, पण रिकामा डबा कुणाच्या हातात देत नाहीत. म्हणून आमच्या प्रत्येकीच्या फळीवर कायम दुसरीचा एखादा डबा पडलेला असायचा, झाकणावर तिच्या सासऱ्याचं नाव कोरलेला.

पाचवी आली ती ब्लाऊज घेऊन.

एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहायची ती. आमचे सगळ्यांचे ब्लाऊज तीच शिवायची आणि तिला आम्ही शिवणवाली म्हणायचो. चाळिशीच्या आतली. मूळची लिंबागणेशच्या बाजूची. लग्नानंतर दहा वर्षं नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेलेली. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. "मी धा वर्सं अर्धा कोयता व्हते, आता आक्खी मशीन हाय," असं ती हसून सांगायची. मुलीची शाळा दरवर्षी दिवाळीनंतर तुटायला लागली तेव्हा तिनं जायचं थांबवलं, शिवण शिकली, नवरा जीप चालवायला लागला.

एका बुधवारी ती समोरचीकडे ब्लाऊज द्यायला आली तेव्हा आमचा चहा चालला होता. समोरची म्हणाली, "बस गं, घोटभर चहा घे." ती पायरीवर बसली. मी म्हटलं, "तिथं काय बसतेस, आत ये, खुर्चीवर बस." हे वाक्य मी म्हटल्याचा मला पुढे कितीतरी दिवस अभिमान होता. माझं माहेर तलवाड्याचं, मोठ्या शेतीवाडीचं. आमच्या वाड्यावर मजुरांच्या बायका ओट्याच्या वर आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. तेव्हा मला वाटलं, मी किती पुढे आले.

खुर्चीवर बसून तिनं आम्हाला त्या दिवशी पोट धरून हसवलं. कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्यांची रांग लागलेली, ही भरल्या गाडीवर झोपलेली, आणि बैल गाडीसकट कँटीनकडे निघाले. नवरा रांगेत दुसऱ्याच्याच गाडीशेजारी उभा राहून हिला शिव्या घालतोय आणि त्या गाडीवरची दुसरीच बाई त्याला उलट शिव्या घालतेय. मुकादमाची चाल तर तिनं उठून करून दाखवली. मास्तरीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर बुधवार जवळ आला की आम्हीच तिला निरोप धाडू लागलो.

"फक्त तू काही आणू नकोस हं," मी तिला सांगितलं. "तुला कुठं वेळ असतो." हे मी दोनदा सांगितलं, मोठ्या मायेनं. तिसऱ्या खेपेला ती डबा घेऊन आली.

संक्रांतीच्या आधीचा बुधवार, चहा माझ्या घरी. तिनं टेबलावर डबा ठेवला आणि झाकण काढलं. डिंकाचे लाडू, सगळे एका मापाचे, आणि प्रत्येकावर मधोमध बिब्ब्यातली एक गोडंबी दाबून बसवलेली. तुपाचा वास खोलीभर झाला. "डिंक आमच्या बांधावरच्या बाभळीचा हाय, मीच येचून आनलाय," ती म्हणाली. "खारीक रातच्याला कुटली. लेक म्हनली, आई, एवढा नट्टापट्टा कुनासाठी चाललाय?"

"अगंबाई, किती सुंदर!" मी म्हटलं. "पण आधी तिखट होऊ दे. गोड शेवटी."

शेवटी मी म्हटलं, "आता पोट अगदी गच्च झालं. राहू दे, उद्या निवांत खाईन." बाकीच्या तिघींपैकी एकीनंही हात पुढे केला नाही. तिनं डबा तिथंच ठेवला, म्हणाली, "राहू द्या ताई, डबा पुन्ना नेईन," आणि गेली.

मी ते लाडू का खाल्ले नाहीत हे आता लिहायला बसले आहे, तर खरं लिहायला हवं. स्वतःशी मी पाण्याचं कारण सांगत होते. तिच्या दाराशी सार्वजनिक नळ आहे आणि नळाशेजारून गटार जातं, ते मी माप द्यायला गेले तेव्हा पाहिलं होतं. पण डिंकाच्या लाडवात पाणी पडतच नाही. पाण्याचा थेंब लागला तर तो लाडू टिकत नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलं आहे. तेव्हा पाणी हे कारण नव्हतं. तिचं आडनाव आम्हाला माहीत होतं, ती कुठल्या वस्तीतली ते माहीत होतं. जात विचारायची नाही असं आम्ही शिकलेल्या बायका मानतो. आमच्याकडे न विचारताच सगळं माहीत असतं. तिनं शिवलेला ब्लाऊज मी अंगात घालत होते, माझ्या घरी तिच्या शेजारी बसून चहा पीत होते, तिच्या गोष्टींवर हसत होते. तिच्या हातचं तोंडात घालायची वेळ आली तेव्हा हात पुढे गेला नाही. एवढंच आहे आणि ते लाज वाटण्यासारखंच आहे.

दुसऱ्या दिवशी तिचा डबा परत करायचा होता. मी तो घासून त्यात खाऱ्या पुऱ्या भरून ठेवल्या. लाडवांचं काय करायचं? टाकवेनात. अन्न टाकायचं नाही हेही आईनंच शिकवलेलं. फळीवर समोरचीचा डबा होता, चिवडा घालून आलेला. मी लाडू त्यात भरले आणि तिला नेऊन दिले. "घे, घरचेच आहेत," असं म्हटलं. कुणाच्या घरचे ते बोलले नाही. जे माझ्या तोंडाला चालत नव्हतं ते मी मैत्रिणीच्या तोंडाला दिलं, आणि घरी येऊन मला हलकं वाटलं. डब्याची रीत पाळली गेली होती, अन्न वाया गेलं नव्हतं, माझा अगदी हिशोबी संसार.

पुढचा बुधवार तिनं स्वतःच मागून घेतला. "आता माझी पाळी," ती म्हणाली. "तुमच्या चौघींच्या घरचा चहा पिऊन झाला. आता गरिबाच्या घरी बी पाय लावा."

नाही कसं म्हणणार? आम्ही तोंडभर हो म्हटलं आणि मग दोन दिवस एकमेकींना फोन केले. खाण्याचं कुणी उघड बोललं नाही. तहसीलवाली एवढंच म्हणाली, "चहा तर उकळलेला असतो." मी म्हटलं, "हो, चहाला काय होतंय." त्यावर आमचं चौघींचं एकमत झालं.

तिनं दोन खोल्या अशा सारवल्यासारख्या पुसून काढल्या होत्या की चपला कुठं काढाव्यात कळेना. शिलाई मशीन भिंतीला सारून त्यावर धुतलेली साडी पांघरलेली. शेजारून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मुलगी शाळेत गेलेली, नवरा जीपवर. कडेला स्टोव्हवर तवा, आणि आम्ही बसल्याबरोबर तिनं गरम धपाटे उतरवायला सुरुवात केली. शेजारी दही, मुगाचे वडे, खमंग फोडणीची सुशीला. ते मुरमुरे भिजवून केलेलं साधं पोह्यासारखं खाणं, पण तिनं वर खोबरं आणि कोथिंबीर पेरून ते लग्नातल्यासारखं सजवलं होतं. चार बश्या होत्या. पाचवी बशी नव्हती. स्वतः खायचं तिच्या मनातच नव्हतं.

"मला आज उपवास आहे गं," तहसीलवाली म्हणाली. बुधवारचा उपवास तिनं जन्मात केला नव्हता. समोरचीनं धपाट्याचा नखाएवढा तुकडा मोडला आणि दह्यात फिरवत बसली. मी बशी हातात धरून तिच्या पडद्यांचं कौतुक करत होते.

तेवढ्यात मास्तरीणबाईंना आठवण झाली. त्यांनी पिशवीतून एक डबा काढला. "अगं, हा तुझा डबा. परवा सुनेचे ब्लाऊज द्यायला आलीस तेव्हा हरभऱ्याची भाजी घालून ठेवून गेली होतीस ना. सुनेनं भरून दिलाय."

"कशाला ओ बाई, एवढ्याशा भाजीचं काय," म्हणत तिनं आनंदानं डबा घेतला. पाहुण्यांनी आणलेलं पाहुण्यांपुढेच ठेवायचं म्हणून तिनं तिथंच ताट पुढे ओढलं आणि झाकण उघडलं.

ती वाकलेली होती ती तशीच राहिली. तिनं एक लाडू उचलला, बोटांत फिरवला, गोडंबीवर अंगठा ठेवला. मला ते ती झाकण काढायच्या आधीच कळलं होतं असं आता वाटतं, पण ते खोटं असेल. मला कळलं ते तिच्या हाताकडे बघून.

"हे माझेच हायेत," ती म्हणाली.

मी समोरचीकडे पाहिलं, समोरची तहसीलवालीकडे, ती मास्तरीणबाईंकडे. मास्तरीणबाई खाली मान घालून बसल्या. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई, तिला मी अशी कधी बघितली नव्हती. लाडू माझ्याकडून कुठं कुठं गेले असतील ते मला एका क्षणात दिसलं. प्रत्येकीनं झाकण उघडलं होतं, गोडंबी बघून ओळखलं होतं, आणि पुढचा डबा काढला होता.

तिनं ताटात लाडू ओतले. जेवढे दिले होते तेवढेच दिसत होते. "कुनीच न्हाई खाल्ला?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, कारण लाडू तिनं माझ्या घरी, माझ्या हातात दिले होते. "ताई, तुमी कावून न्हाई खाल्ले?"

मी म्हटलं, "मला शुगर निघाली गं."

कुठून आलं ते तोंडात, मला माहीत नाही. एकदा आलं म्हटल्यावर मी ते सजवलं. "परवाच तपासलं. डॉक्टरांनी गूळसुद्धा बंद सांगितलाय. मग वाटलं, वाया कशाला घालवायचे, म्हणून हिला दिले. हिला वाटलं मी केलेत, हिनं पुढे दिले..." मी बोलत सुटले होते. तिघी माना हलवत होत्या.

तिचा चेहरा निवळला. निदान मला तसं वाटलं. "आगं बया! मग सांगायचं न्हाई का ताई? मी बिनगुळाचे केले असते, खजूर घालून." तिनं तीन बश्यांत एकेक लाडू ठेवला. "तुमाला तिघींना तर न्हाई ना शुगर? मग खावा. म्हैनाभर टिकतोय ह्यो, काई झालेलं न्हाई त्याला."

त्यांनी खाल्ले. तहसीलवालीचा उपवास मोडला. मास्तरीणबाई डोळे मिटून खात होत्या, एकेक घास, शेवटचा कण बशीतून बोटानं उचलून. समोरचीनं दुसरा मागून घेतला. तो वास मला येत होता आणि माझ्या बशीत लाडू नव्हता. माझा चहाचा कप तिनं हातातून काढून घेतला, "थांबा, तुमच्यात साखर पडलीय," म्हणाली, आणि पुन्हा भांडं ठेवून माझ्यापुरता बिनसाखरेचा केला.

परत येताना आम्ही गल्लीत शिरलो. मग समोरची म्हणाली, "मला वाटलं तू मुद्दाम माझ्या गळ्यात मारलेस." तहसीलवाली म्हणाली, तिला वाटलं समोरचीला खरंच माहीत नसेल. मास्तरीणबाईंनी लाडू फळीवर ठेवून दिले होते, पुढे कुणाला द्यायचे ते सुचत नव्हतं, आणि सुनेला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. "शिवणवालीचा डबा रिकामा देऊ नको," एवढंच सासूनं सांगितलेलं. तिनं फळीवर दिसलं ते भरलं. प्रत्येकीला वाटत होतं की हे करणारी आपण एकटीच. "फार चांगला झाला होता गं," मास्तरीणबाई आपल्या फाटकाशी थांबून म्हणाल्या. "मी चोवीस तास घरात ठेवून बघितला नाही त्याच्याकडे. काय बाई आहे मी." एवढं बोलून त्या आत गेल्या.

त्या तिघींचं त्या दिवशी काहीतरी झालं आणि संपलं. म्हणजे लाज संपली असं नाही, पण त्यांनी तिच्यासमोर, तिच्या घरात, तिच्या हातचं खाल्लं होतं. पुढच्या बुधवारपासून त्या तिच्या धपाट्यांसाठी भांडू लागल्या. तहसीलवालीनं तर तिच्याकडे बसून डिंक तळायला शिकून घेतलं. माझं मात्र तिथंच अडकलं. मला शुगर होती ना!

शुगर नसताना शुगर सांभाळणं हे फार अवघड काम आहे. तिळाची पोळी आली, मला नको. तिचे धपाटे आले, तर तेलकटही बंद सांगितलंय. बासुंदी मीच आटवली, माझ्याच घरी, आणि सगळ्यांना वाढून मी काकडी खात बसले. समोरचीला खरं माहीत होतं. ती मुद्दाम माझ्यासमोर चाटूनपुसून वाटी संपवायची आणि डोळे मिचकवायची. "तुझी शुगर आज किती?" असं सगळ्यांसमोर विचारायची. मी हसायचे. पण शिवणवालीनं कधी गंमत केली नाही. चहाच्या दर बुधवारी, तो कुणाच्याही घरी असो, ती स्वयंपाकघरात जायची आणि माझा कप वेगळा काढून आणायची. "ह्यो ताईंचा," म्हणून माझ्या हातात द्यायची. संक्रांतीपासून उन्हाळ्यापर्यंत मी तिच्या हातचा बिनसाखरेचा चहा प्याले. प्रत्येक वेळी आज सांगू असं ठरवायचे. प्रत्येक वेळी वाटायचं, सांगितलं तर ती तोच प्रश्न पुन्हा विचारेल, आणि त्याला आता उत्तर द्यावं लागेल.

मे महिन्यात एका दुपारी मी एकटीच तिच्याकडे गेले. निमित्त होतं पुतणीच्या लग्नातल्या साडीच्या फॉलचं, पण फॉल मला घरी लावता येतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ती मशीनवर होती, मला बघून उठली, माठातलं पाणी दिलं. मी ते सगळं प्याले. मग तिनं चहा ठेवला, माझा आधी गाळला आणि स्वतःच्यात साखर टाकून ढवळली.

मी कप हातात घेऊन म्हटलं, "अगं, मला शुगर नाही. तेव्हा मी खोटं बोलले."

"म्हायीत हाय," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

"तुमचे मालक आलते की, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. बॅगेची चेन बसवून घ्यायला. मी चहा ठिवला, इचारलं, साखर चालती का तुमाला, ताईंना तर शुगर निघाली म्हनत्यात. तर म्हनले, आमच्या घरात कुनालाच शुगर न्हाई, टाक दोन चमचे. दोन धपाटे बी खाऊन गेले."

माझ्या नवऱ्यानं ते मला सांगितलं नव्हतं. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसणार. तिच्याकडे जायचं, चहा प्यायचा, धपाटे खायचे, यायचं. ज्या माणसाच्या तावडीतून सुटायला मी हा चहा सुरू केला, त्याला जे दुसऱ्या दिवशी जमलं ते मला चार महिन्यांत जमलं नव्हतं.

"मग तू इतके दिवस मला बिनसाखरेचा का देत होतीस?"

ती मशीनवर बसली, कापड सुईखाली सारलं. "त्या दिशी तुमी काईतरी बोलल्या ते बरंच झालं म्हना. न्हाईतर मी काय करनार व्हते? दुसऱ्याच्या घरी आसते तर उठून निघाले आसते. घर तर माझंच व्हतं. जायचं कुठं?" तिनं कापडाची घडी सरळ केली. "नंतर म्हनलं, ताई सांगतील कवातरी. त्या म्हनतील तवा साखर टाकायची. वाट बघत व्हते मी बी."

मी रडले नाही. रडले असते तर तिनं मला समजावलं असतं, आणि तेवढं तरी मला तिच्याकडून घ्यायचं नव्हतं.

"मग आता सांगा," ती म्हणाली. "तवा कावून न्हाई खाल्ले?"

गटाराचं सांगता आलं असतं. पोट बिघडल्याचं सांगता आलं असतं. ती सगळी उत्तरं माझ्याकडे तयार होती, आणि ती त्यातलं कुठलंही ऐकून घेईल हेही मला माहीत होतं. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "तुझ्या घरचे होते म्हणून."

मशीन सुरू झालं. तिनं ती शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत मारली, दोरा दातानं तोडला, कापड उलटून तपासलं. मला वाटलं ती आता म्हणेल, जाऊ द्या ताई. तिनं ते म्हटलं नाही.

"चहा घ्या," ती म्हणाली. "गार व्हतोय."

साखरेचा डबा तिच्या हाताशीच होता. तिनं तो पुढे केला नाही आणि मीही मागितला नाही. तिच्यासमोर बसून मी तो कप तळापर्यंत संपवला.